तपासणीला आलेला माणूस

बँकेचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाई फार कडू बोलते. कडूच बोलणार आहे. लहान धंदेवाल्यांना विनातारण कर्ज द्यायची सरकारी योजना किती चांगली आहे, हे मला पुष्कळ शहाण्या माणसांनी समजावून सांगितलं. त्यांतल्या एकालाही ते कर्ज कधी मागावं लागलेलं नव्हतं.

मी नऊवारी शिवते. नेसायची नव्हे, घालायची. हल्लीच्या मुलींना लग्नात, पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी हवी असते, पण निऱ्या घालायला वेळ नसतो आणि काष्टा ओढता येत नाही. मग आम्ही अख्खी साडी कापून विजारीसारखी शिवून देतो. पाय घाला, हुक लावा, झालं. माझी सासू हिला ‘साडयेची चड्डी’ म्हणते आणि तोंड फिरवते. दादरच्या दुकानांतून मात्र ही चड्डी धडाधड खपते, आणि ती घालून फोटो काढणाऱ्यांना ती डिलाईल रोडच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर शिवली जाते हे ठाऊक नसतं. ठाऊक असायचं कारणही नाही.

आम्ही चौघी हे काम करायचो. बाकीच्या तिघींकडे पायाच्या मशीन होत्या, त्यांना मागाहून मोटार बसवलेली. माझ्याकडे कारखान्याची मशीन. लोअर परळला कपड्यांचा एक कारखाना बंद झाला तेव्हा त्यांनी सगळं सामान भंगाराच्या भावात काढलं, त्यातली एक मी अंगावरच्या बांगड्या मोडून उचलली. रोख पैसे दिले, टेम्पोत घातली, घरी आणली. पावती मागायचं सुचलं नाही, आणि मागितली असती तरी बंद कारखान्यात ती द्यायला होतं कोण? जरीच्या काठाचे चार थर एकावर एक आले तरी ती मशीन अडत नाही. तिच्यावर माझा इतका जीव आहे की नवरा म्हणतो, माझ्या वाट्याला एवढा आला असता तर मी सिक्युरिटीची रात्रपाळी हसत केली असती.

काम आणून द्यायचा वडाळ्याचा एक एजंट. हा माणूस स्वतः बटणसुद्धा लावत नाही. आमच्याकडे साड्यांचे गठ्ठे टाकायचे, शिवलेला माल उचलायचा आणि दादरला आपल्या नावाने विकायचा, एवढाच त्याचा उद्योग. एखाद्या नगावर टाका उसवलेला दिसला, पैसे काप. डाग दिसला, पैसे काप. डाग त्याच्याच टेम्पोत पडलेला असला तरी काप. वर गोड इतका की ‘ताई, तुमच्याशिवाय माझं पान हलत नाही’ हे वाक्य तो कापाकापी करतानाच म्हणायचा.

एकदा दादरच्या एका दुकानातून निरोप आला की मापात फरक आहे, शिवणाऱ्या बाईलाच पाठवा. एजंट गावाला गेला होता म्हणून मी गेले. दुकानाची मालकीण हुशार बाई. तिने मला मापं घेताना पाहिलं आणि सरळ विचारलं, “हे सगळं तुम्हीच करता? मग मधल्या माणसाला मी कशाला पैसे देते?”

“ते तुम्हालाच ठाऊक,” मी म्हटलं.

ती हसली. म्हणाली, “थेट तुम्हीच द्या मला माल. पण आतल्या कडा अशा सुटलेल्या नकोत, ओव्हरलॉकच्या हव्यात. आणि पायाच्या मशीनवर लग्नसराईचा माल उरकत नाही. लग्नाच्या तिथी सुरू व्हायच्या आत मशीन घ्या, मी दुसरीकडे बोलत नाही.”

दुकानाच्या पायऱ्या मी उतरले त्या हवेतच. कडा बांधायची एक ओव्हरलॉक मशीन आणि तिघींसाठी कारखान्याच्या तीन. एवढं झालं की एजंटाची कापाकापी संपली. आमचं काम, आमचा दर, आमच्या नावाची चिठ्ठी साडीच्या कमरेला. मला याहून मोठं काहीही नको होतं, आणि म्हणून मी बँकेत गेले.

पण त्याआधी आमच्या मजल्याची एक रीत सांगायला हवी. राहत्या खोलीत धंदा चालतो असं दिसलं की विजेला धंद्याचा चढा दर लागतो. घरमालकाच्या माणसाला समजलं तर तो नोटिशीची भाषा करतो. त्यामुळे आमच्या मजल्यावर कधीही कुठलीही मशीन नसते. माझी सासू जिन्याच्या तोंडाशी पाटावर बसून लसूण सोलते, तांदूळ निवडते, आणि फाईल घेतलेला माणूस वर येताना दिसला की हातातला कालथा गॅलरीच्या लोखंडी कठड्यावर वाजवते. कालथा वाजला की चारही खोल्यांत धावपळ. साड्या पोटमाळ्यावर, कातरणं पिशवीत, पिशवी मोरीत. पायाच्या मशीन मिटून त्यांची टेबलं होतात, वर टेबलक्लॉथ आणि फुलदाणी. माझ्या मशीनवर फळी, फळीवर चादर, चादरीवर टीव्ही आणि टीव्हीवर चालू मालिका. फाईलवाला दारात येईपर्यंत आम्ही चौघी चार खोल्यांत कांदा चिरत असतो. मीटरवाले येऊन गेले, घरमालकाचा माणूस येऊन गेला, महापालिकेतलाही एक येऊन गेला, कुणाच्या हाताला काही लागलं नाही. आम्हाला याचा अभिमान होता.

बँकेची शाखा दादरला. योजनेच्या खिडकीवरचा साहेब तरुण, बोलायला मऊ, डोळे कॉम्प्युटरवर.

“मॅडम, ही योजना विनातारण आहे,” तो म्हणाला.

“छान.”

“मिस्टर काय करतात?”

“टॉवरवर सिक्युरिटीत आहेत.”

“पर्मनंट?”

“कर्ज मला हवंय.”

“हो, ते बरोबर. पण मिस्टर पर्मनंट आहेत का?”

असं चालायचं. मी बारावी पास आहे, चाळीच्या वाचनालयातलं एकही पुस्तक मी सोडलेलं नाही, पण त्या खुर्चीत बसलं की मी नुसती मिस्टरांची मिसेस. एकदा आधारवरचा पत्ता अपुरा, एकदा मशीनच्या दुकानदाराने दिलेल्या कोटेशनवर शिक्का पुसट, एकदा साहेब रजेवर, एकदा साहेब हजर पण सर्व्हर रजेवर. मी खेटे घालत राहिले. दर खेपेला एका दिवसाची शिलाई बुडायची आणि एजंट विचारायचा, “ताई, माल का कमी?” मी म्हणायचे, पाठ दुखतेय. पाठ खरंच दुखत होती, बँकेतल्या बाकांनी.

शेवटी साहेब म्हणाला, “आता आमचा माणूस येऊन जागा बघून जाईल. मशीन आहेत का, काम चालतं का. मग मंजुरी.”

“कधी येईल?”

“ते आधी सांगत नाहीत मॅडम. सांगितलं की लोक मांडून ठेवतात.”

मला ते पटलंसुद्धा. चला, म्हटलं, निदान खऱ्याखोट्याची पारख करणारा माणूस येतोय.

त्या संध्याकाळी गॅलरीत आमची बैठक झाली. प्रश्न असा की बँकवाला आला तर मशीन दिसायला हव्यात आणि मीटरवाला आला तर दिसता कामा नयेत, आणि दोघांच्याही हातात फाईलच असणार. एक म्हणाली, बँकवाल्याचे बूट चांगले असतात. दुसरी म्हणाली, मीटरवाला आधी खाली मीटरच्या पेटीशी थांबतो. तिसरी म्हणाली, “वयनी, तू रोज घरातच बस, म्हणजे झाला.” मला ते शक्य नव्हतं, माल पोचवायला मीच जायचे. सासू लसूण सोलता सोलता म्हणाली, “मी इचारतंय तेका. त्यात काय आसा एवढा?”

ठरलं. आई विचारतील. बँकेचा म्हणाला तर कालथा वाजवायचा नाही.

तो आला तेव्हा मी दादरला होते, मालकिणीला नवा नमुना दाखवायला. पुढचं मला तिघींनी सांगितलं, एकमेकींची वाक्यं तोडत, हसून हसून.

माणूस तरुण. बूट बरे. हातात फाईल. जिना चढून आल्याने दम लागलेला. सासूने विचारलं, “खंयसून इलात?”

आता त्याने म्हणायला काय हरकत होती की बँकेतून आलोय? पण नाही. जिथे दोन शब्दांत काम होतं तिथे भारदस्त बोलायची यांना सवय. तो म्हणाला, “सरकारी योजनेची तपासणी आहे, आजी. इथे कोण कोण राहतं?”

सरकारी. तपासणी. कोण कोण राहतं. माझ्या सासूने कालथा असा वाजवला की खालच्या मजल्यावरची माणसंसुद्धा बाहेर आली.

तिघी सांगत होत्या की एवढ्या झटपट मजला कधीच आवरला गेला नव्हता. माझ्या मशीनवर टीव्ही चढवायला शेजारचे काकासुद्धा धावले. तपासनीस आमच्या खोलीत आला तेव्हा टीव्हीवर सासू सुनेला छळत होती आणि माझी खरी सासू पाटावर बसून माळ ओढत होती.

“इथे शिवणकाम चालतं ना?” त्याने विचारलं.

“शिवणकाम? हय कोण शिवता?” सासू म्हणाली. “माझी सून घराकच असता. जेवाण करता, नि पुस्तकां वाचता.”

त्याने शेजारच्या खोलीत विचारलं. तिथे उत्तर मिळालं, “नाही हो भाऊ, आमचे कपडेपण आम्ही बाहेर शिवून घेतो.” तिसरीकडे विचारलं. ती तर म्हणाली की तिला साधी सुई ओवता येत नाही. त्याने फोटो काढले. फुलदाणीचा काढला, टीव्हीचा काढला. मग त्याला चहा दिला, खोबऱ्याची वडी दिली आणि जिन्यापर्यंत पोचवलं.

मी चाळीच्या फाटकातून आत शिरत होते तेव्हा हेल्मेट चढवणारा एक मुलगा बाजूला झाला. ओठावर खोबऱ्याचा कण होता. मी त्याच्याकडे बघून हसले पण.

वर आले तर मजल्यावर सण. “वयनी, असलो गंडवलो तेका!” सगळ्या एकदम बोलत होत्या. मी ऐकत होते, आणि ‘योजनेची’ हा शब्द आला तिथे मी त्यांना थांबवलं. मी विचारलं, कुठल्या योजनेची? कुणाला आठवेना. फाईलवर काय होतं? कुणी पाहिलं नव्हतं. मग एकीला आठवलं की फाईलवर बँकेचं चिन्ह होतं, दादरच्या शाखेच्या पाटीवर असतं तसलंच.

मी सासूला वाटेल ते बोलले. एवढी वर्षं तोंडाशी येऊन गिळलेलं सगळं त्या दिवशी बाहेर पडलं, कालथ्यापासून ते माहेरापर्यंत. ती ऐकून घेत होती. मग शांतपणे म्हणाली, “तू सांगलंस इचार म्हणान. मी इचारलंय. तपासणीक इललो माणूस आजपावत काय दिवन गेलोहा? घेवनच गेलोहा.”

मी आणखी चिडले आणि त्या रात्री जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधी मी पायरीवर उभी होते. साहेबाने कॉम्प्युटरवर पाहून सांगितलं, “जागेवर एकही मशीन आढळली नाही. शेजाऱ्यांनीही व्यवसाय चालत नसल्याचं सांगितलं. अर्ज नामंजूर.”

“मशीन आहेत. लपवल्या होत्या.”

“कोणापासून?”

“तुमच्यापासून नाही. मीटरवाल्यापासून.”

साहेबाचा माउसवरचा हात थांबला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, हे तुम्ही मला सांगायला नको होतं.”

“का? तुम्ही पण सरकारी, तो पण सरकारी. एकाला धंदा दाखवला तर दुसरा दंड करणार, दुसऱ्यापासून लपवला तर तुम्ही नाही म्हणणार. मी नक्की काय करू, ते दोघं बसून ठरवा आणि मला कळवा.”

माझा आवाज चढला असावा, कारण वॉचमन जवळ येऊन उभा राहिला. साहेब मात्र मऊच. त्याने मला उपदेश केला. रीतसर गाळा घ्या, धंद्याचा मीटर घ्या, मशीनच्या पावत्या जमवा, धंदा नीट उभा करा आणि मग कर्जाला या. धंदा नीट उभा असता तर मी तुझ्या दारात कशाला आले असते रे, असं मनात आलं. मनात कशाला, मी म्हणालेच. तो म्हणाला, “पुढचं टोकन.”

घरी येईपर्यंत मोबाईलवर बँकेचा मेसेज आला होता की आपल्या उद्योजकतेच्या प्रवासात आम्ही आपल्या सोबत आहोत.

दादरच्या मालकिणीकडे गेले. मुदत मागितली. ती वाईट बाई नव्हती, पण धंदेवाली होती. म्हणाली, “लग्नाच्या तिथी माझ्या हातात नाहीत हो.” तिने पुन्हा एजंटालाच सांगितलं. त्याने तिला ओव्हरलॉक करून द्यायचं कबूल केलं होतं, कशाच्या जोरावर ते मला तेव्हा कळलं नाही.

थोड्या दिवसांनी एजंटच आमच्या मजल्यावर आला. नेहमीपेक्षा गोड. वडाळ्याला गाळा घेतलाय, भाड्याने, प्रशस्त आहे. ऑर्डर मोठी आहे. पाच-सहा दिवस सगळ्या तिथेच येऊन बसा, जाण्यायेण्याचं भाडं मी देतो. “आणि ताई, तुमची मशीन पण लागेल. टेम्पो पाठवतो. काम झालं की परत आणून सोडतो.”

मला मशीन हलवणं जिवावर आलं होतं. पण त्या महिन्यात आमच्याकडे दुसरं कामच नव्हतं, आणि तिघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. टेम्पो आला. चौघी मिळून आम्ही ती खाली उतरवली. सासूने विचारलं, “खंय नेतत तिका?” मी सांगितलं, वडाळ्याला.

गाळ्यात एका ओळीत मशीन मांडलेल्या. काही भाड्याच्या असाव्यात, काही आमच्यासारख्यांच्या. भिंतीवर देवाचा फोटो, त्याला ताजा हार. पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच एजंट म्हणाला, आज जरा चांगल्या साड्या नेसून बसा, पाहुणे येणार आहेत. मला वाटलं, दादरची मालकीण येणार.

आला तो खोबऱ्याच्या वडीवाला मुलगा.

तीच फाईल, तेच बूट. एजंट दारापर्यंत सामोरा गेला. “या साहेब, या. सगळ्या गिरणगावातल्या गरजू महिला आहेत.” मुलगा ओळीने फोटो काढत निघाला. त्याच्याबरोबर एक शिपाई, त्याच्या हातात स्टिकरांची गुंडाळी. ‘बँकेकडे तारण’ असं लिहिलेलं आणि खाली बँकेचं नाव. मुलगा फोटो काढायचा, शिपाई मशीनवर स्टिकर दाबून बसवायचा. कर्ज विनातारण असलं तरी त्या पैशातून घेतलेल्या मशीन बँकेच्या असतात, हे मला त्या दिवशी समजलं. आणि कुणी कुठल्या पैशातून काय घेतलं हे फोटोत दिसत नाही, हेही.

माझ्यासमोर येऊन तो म्हणाला, “चालवून दाखवा ना मॅडम.”

मी जरीच्या काठावरून एक सरळ टीप मारून दाखवली. “वा,” तो म्हणाला. “मशीन चांगली आहे.”

शिपायाने माझ्या मशीनच्या कपाळावर स्टिकर लावला.

मी उभी राहिले. म्हटलं, “ही मशीन माझी आहे. डिलाईल रोडची. तुम्ही आमच्या खोलीत येऊन गेलात, चहा प्यायलात, तेव्हा हिच्यावर टीव्ही ठेवला होता. तुम्ही टीव्हीचा फोटो काढला आणि मशीन नाही म्हणून लिहिलंत.”

गाळ्यातल्या सगळ्या मशीन थांबल्या. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. त्याला आठवलं, मी पैजेवर सांगते, त्याला आठवलं. एजंट हसला. “साहेब, ताई जुन्या आहेत, मस्करी करतात.”

मुलाने फाईल उघडली. एजंटाने भरलेली सगळी पानं तिथे नीट लावलेली. “मॅडम,” तो म्हणाला, “तुमच्याकडे या मशीनची पावती आहे का?”

“नाही.”

“यांच्याकडे सगळ्या मशीनच्या आहेत.”

मागून कुणीतरी माझा पदर ओढला. “बस गो वयनी,” ती पुटपुटली, “आमचा पण काम जातला.” मी बसले. दात आवळून बसले आणि दुपारपर्यंत शिवलं. संध्याकाळी एजंटाने सगळ्यांना मजुरी वाटली. माझी घेताना मी त्याला म्हटलं, मशीन उद्या घरी पोचली पाहिजे.

“ताई, आता कशी हलवणार?” त्याने खांदे उडवले. “बँकेचं तारण आहे. हलवली तर गुन्हा होतो. तुम्ही रोज या ना इथे, तुमच्याच मशीनवर बसा.”

मी गेले. रोज वडाळ्याला गेले, माझ्याच मशीनवर त्याची रोजंदार म्हणून बसले आणि दादरच्या त्याच दुकानासाठी ओव्हरलॉक केलेल्या नऊवाऱ्या शिवल्या. दर आधीपेक्षा कमी, कारण जागा आणि मशीन आता त्याची. कर्ज त्याला मिळालं आणि तारण माझं गेलं. विचार करून करून अंगाचा तिळपापड व्हायचा. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “काम तरी आहे ना.” पर्मनंट नसलेल्या माणसाला आणखी काय सुचणार.

एका दुपारी एजंट माल घेऊन दादरला गेलेला. मी सुरू असलेली साडी पूर्ण केली, दोरा कापला आणि मशीनचा पट्टा काढला. टेबल, मोटार राहू दे म्हटलं. वरचा लोखंडी भाग बिजागऱ्यांवरून उचलला की सुटतो, पण तो एकट्या बाईला पेलत नाही. मी कुणाला हाक मारली नाही. पदर ओढणारी उठली आणि तिने दुसऱ्या बाजूने हात घातला. आम्ही तो जुन्या साडीत गुंडाळला आणि टॅक्सीत ठेवला. ती परत आत गेली, कारण तिला दुसऱ्या दिवशी तिथेच यायचं होतं.

संध्याकाळी एजंटाचा फोन. गोडवा गेलेला. चोरी, पोलीस, बँक, सगळे शब्द त्याने वापरले.

“जा पोलिसात,” मी म्हटलं. “सांग, बँकेचं तारण गेलं. मग ते पावती बघतील, पावतीवरचा नंबर बघतील आणि माझ्या मशीनवरचा नंबर बघतील. दोन्ही जुळले तर मशीन तुझी. मी घरीच आहे.”

त्याने फोन ठेवला. पोलिसात गेला नाही. कामही बंद केलं, आणि बाकीच्या तिघी अजून त्याच्याकडेच जातात, मजल्यावर भेटल्या की माझ्याशी जेवणाखाणाचं बोलतात.

मी लोखंडवाल्याकडून जुनं टेबल आणलं, मोटार उधारीवर बसवली. आणि मशीन खोलीत ठेवली नाही. गॅलरीत ठेवली, जिन्यातून येणाऱ्याला पहिल्यांदा तीच दिसेल अशी. चाळीतले ब्लाऊज, शाळेचे गणवेश, मिळेल ते शिवते. शेजारी म्हणाले, अगं कुणी बघेल. बघू दे, म्हटलं. सासूने पाट उचलला आणि जिन्यापाशी न बसता आत जाऊन बसली.

महिन्याच्या आत मीटरवाला आला. त्याला काही शोधावं लागलं नाही. मी पाय न थांबवता त्याच्याकडे पाहिलं. त्याने विचारलं, “धंदा करता?” मी म्हटलं, “करते.” त्याने लिहून घेतलं. कुठल्याही सरकारी माणसाने माझ्याबद्दल लिहिलेली ती पहिली खरी गोष्ट.

आता आमचं विजेचं बिल धंद्याच्या दराने येतं. ते पाहून नवरा दर खेपेला कपाळाला हात लावतो. मी जाऊन भरते. कर्ज मला मिळालं नाही, पण वडाळ्याच्या गाळ्यात कर्ज मिळालेला माणूस विजेला जो दर देतो, तोच दर मी माझ्या गॅलरीत बसून देते.